वसईची गोदामे आणि माल काढण्याची उंची

गोदामात माल एकगठ्ठा येतो आणि चिठ्ठीबरहुकूम सुटा होऊन बाहेर पडतो. या दोहोंमधले काम म्हणजे माल काढणे. आजच्या गोदामांत त्याला सरसकट ‘पिकिंग’ म्हणतात. गोदाम चालवण्याच्या खर्चापैकी निम्म्याच्या आसपास खर्च या एका कामावर होतो, असा व्यवसायातला ठोकताळा आहे. माल ठेवणाऱ्याला रिकामी जागा मिळाली की त्याचे भागते. काढणाऱ्याला मात्र नेमकी वस्तू, नेमक्या संख्येत, वेळेत शोधावी लागते. ऑर्डर पिकर हे यंत्र या काढणाऱ्यासाठी बनवलेले आहे. बॅटरीवर चालणाऱ्या या गाडीत चालक उभा राहतो तो चौथरा मालाच्या काट्यांसकट वर चढतो. माणूस रॅकच्या वरच्या कप्प्यापाशी पोचतो आणि हवा तेवढाच माल हाताने काढून घेतो. मुंबईच्या उत्तरेला वसईपासून भिवंडीपर्यंत पसरलेल्या गोदामपट्ट्यात अशा यंत्रांचा काळ गेल्या काही वर्षांतला आहे. त्याआधीचा साठवणुकीचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना असून तो जवळजवळ सगळा माणसाच्या पाठीवर आणि हाताच्या पोचीवर उभा आहे.

या इतिहासाची सुरुवात सोपाऱ्यापासून होते. आजचा नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी मार्गदर्शिकेत भडोचच्या दक्षिणेकडील बाजारपेठांमध्ये त्याचे नाव येते. नाशिकच्या लेण्यातील उषवदात या दात्याच्या लेखात शूर्पारकासह चार ठिकाणी बांधलेल्या धर्मशाळांची नोंद आहे. व्यापारी तांड्यांची ये-जा असल्याखेरीज अशा धर्मशाळा कोणी बांधत नाही. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा स्तूप खणला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे मिळाला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा. सम्राटाची आज्ञा कोरून ठेवावी एवढे महत्त्व या बंदराला होते.

कोकणातल्या बंदरांचा देशावरचा माल घाटांतून बैलांच्या पाठीवर येई-जाई. जुन्नरच्या वाटेवरच्या नाणेघाटात आजही एक मोठा दगडी रांजण दाखवतात. तो जकातीचा, असे परंपरा सांगते. बैलाच्या दोन्ही कुशींवर सारख्या वजनाची गोणी लादावी लागे. मुक्कामाला ती उतरवावी लागे आणि सकाळी पुन्हा चढवावी लागे. त्यामुळे गोणीचे माप बैलाच्या ताकदीइतकेच ती उचलणाऱ्या माणसाच्या ताकदीने ठरे. पुढे आगगाडी आली, ट्रक आले, तरी गोणी उचलणारा माणूसच राहिला.

सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार आगाशी व वसईकडे सरकला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती घेईपर्यंत हे शहर पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. वसईचा घडीव दगड गोव्याच्या बांधकामांसाठी जहाजांतून जात असे. दगड आणि इमारती लाकूड हा असा माल आहे की त्याला छप्पर लागत नाही, धक्क्याजवळची मोकळी जागा पुरते. धान्य आणि दारूगोळा यांना मात्र कोठारे लागतात. मराठ्यांच्या किल्ल्यांवर या कोठारांचा कारभार ठरलेल्या पद्धतीने चाले. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन मुख्य अंमलदार असत, त्यांपैकी साठ्याची जबाबदारी कारखानिसाकडे. आलेला आणि निघालेला माल कागदावर चढवायचा, शिल्लक ताडून पाहायची, ही शिस्त तेव्हाचीच आहे. आजच्या संगणकातली पिकिंगची यादी तेच काम करते. बदलली ती मालापर्यंत पोचण्याची तऱ्हा.

घरगुती साठवणीचे वसईतले साधन म्हणजे कणगी. देशावर जमिनीत पेव खणून धान्य ठेवत. कोकणातल्या पावसात ते शक्य नव्हते. बांबूच्या विणीला शेणमातीने लिंपून केलेली कणगी ओलीपासून वर उचलून ठेवत आणि तिची उंची घरातल्या माणसाला आत हात घालता येईल एवढीच असे.

१८६४ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईवरून मुंबईला जोडला गेला आणि १८६७ साली विरारहून मुंबईला स्थानिक गाडी सुरू झाली. इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: रेल्वे आली तरी वसईत मोठी गोदामे उभी राहिली नाहीत. वसईचा माल नाशवंत होता. केळी, नागवेलीची पाने, फुले, भाजी हे सगळे पहाटे तोडून सकाळी मुंबईच्या बाजारात जायचे. टिकाऊ माल म्हणावा तर आगाशीकडची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी वाळवून पानात बांधलेली, आणि खाडीकाठच्या आगरांतले मीठ. मिठाच्या राशी आगरातच गवताने शाकारून ठेवत. ज्या गावाचा माल रोजच्या रोज विकला जातो त्याला गोदामाची गरज कमी असते. विसाव्या शतकाचा बराच काळ वसई अशी राहिली, आणि साठवणुकीचा धंदा खाडीपलीकडे मुंबईत वाढला.

मुंबईत १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० साली प्रिन्सेस डॉक खुला झाला आणि पुढे व्हिक्टोरिया व अलेक्झांड्रा या गोद्या आल्या. मशीद बंदर, दाणाबंदर, कर्नाक बंदर या भागांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. या गोदामांची उंची बरीच असली तरी माल रचला जाई तो थप्पीने. जमिनीवर लाकडी फळ्या, त्यांवर गोण्यांचे थर, एकावर एक पंधरा-वीस. वरच्या थरांपर्यंत पोचायला हमाल तिरकी फळी लावून पाठीवर गोणी घेऊन चढत. हातात लोखंडी आकडा, डोक्यावर किंवा खांद्यावर फडके, आणि गोणी बहुधा शंभर किलोची. थप्पीतला तळाचा माल हवा असेल तर वरचे सगळे थर उतरवावे लागत. त्यामुळे एकाच जातीच्या मालाला थप्पी सोयीची, पण शंभर प्रकारचा माल असेल तर ती निरुपयोगी. ही अडचण पुढच्या साऱ्या यांत्रिकीकरणाच्या मुळाशी आहे.

हे काम करणारे बहुतेक कामगार सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आलेले होते. ते टोळीने काम करत आणि टोळी मुकादमाच्या हाताखाली असे. कामगाराला कायम मालक नव्हता. आज या पेढीचा ट्रक, उद्या त्या पेढीचा. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, रजा, अपघाताची भरपाई यांतले काहीच त्याला लागू होत नसे. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांची संघटना बांधली आणि तिच्या लढ्यांतून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. त्याची रचना साधी आणि त्या काळाच्या मानाने धाडसी होती. कामगार आणि मालक दोघांची नोंदणी एका मंडळाकडे. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून निधी, उपदान, बोनस, औषधोपचार यांची सोय करायची. अनेक मालकांकडे फिरणाऱ्या कामगाराला एक कायमची नोंद मिळाली. चढवणे, उतरवणे, रचणे, वाहून नेणे, तोलणे, भरणे, शिवणे, निवडणे अशी कामे कायद्याने मोजून घेतली. अंगमेहनतीच्या मजुरांसाठी देशात झालेल्या कायद्यांमध्ये याची गणना पहिल्या रांगेत करावी लागेल.

पुढच्या काळात माल मुंबईबाहेर सरकू लागला. धान्य, कांदा-बटाटा, फळे यांच्या घाऊक बाजारपेठा टप्प्याटप्प्याने वाशीला गेल्या. १९८९ साली न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक तिकडे वळली. याहून मोठे कारण होते जकात. महापालिकेच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर जकात द्यावी लागे, म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर ठेवत आणि गरजेपुरताच आत आणत. या एका हिशोबाने भिवंडी तालुक्यातल्या काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांच्या शेतजमिनींवर गोदामांचे शहर वसवले. भाताच्या खाचरावर भराव, चार भिंती, वर पत्रा. उंची बारा-पंधरा फूट. जमीन स्वस्त होती, त्यामुळे उंच बांधण्याचे कोणाला कारण नव्हते. जागा कमी पडली की शेजारचे खाचर घ्यायचे. अशा गोदामात यंत्राने वर चढून माल काढण्याचा प्रश्नच येत नव्हता.

वसईची वाट थोडी वेगळी होती. मुंबईत नवे कारखाने काढण्यावर १९७० च्या दशकापासून निर्बंध आले तेव्हा लहान उद्योजक रेल्वेच्या पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली, नवघर या भागांत सरकले. सहकारी आणि खासगी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९९० साली राज्य सरकारने वसई-विरार परिसराचे नियोजन सिडकोकडे दिले, तेव्हा पश्चिमेच्या बागायती पट्ट्यात बांधकामाला मोठा विरोध होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या हरित वसई संरक्षण समितीने तो संघटित केला होता. पश्चिमेला वाड्या आणि पूर्वेला गाळे अशी ढोबळ विभागणी त्यातून ठळक झाली. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि २०१४ साली हा सारा भाग नव्या पालघर जिल्ह्यात आला.

पूर्वेच्या या गाळ्यांत कारखाना आणि गोदाम एकाच छपराखाली असते. खाली यंत्रे, मागच्या बाजूला लोखंडी माळा, माळ्यावर कच्चा माल आणि तयार खोकी. माळ्यावर जायला शिडी. माल काढायचा तर एक जण वर चढतो, एक शिडीच्या मध्यावर उभा राहतो, एक खाली, आणि खोके हातोहात उतरते. भिंतीलगत भोके पाडलेल्या लोखंडी अँगलच्या मांडण्या असतात. हा भोकांचा अँगल १९४७ साली लंडनमध्ये दिमित्रियस कोमिनो यांच्या डेक्सिऑन कंपनीने बाजारात आणला होता. नट-बोल्ट आवळून कोणत्याही मापाची मांडणी कोणीही उभी करावी, ही त्यामागची कल्पना. पुढे याच विचारातून जड भार पेलणारे आणि कप्प्यांची उंची बदलता येणारे पॅलेट रॅक, म्हणजे माल रचलेले फळ्यांचे पाट ठेवायचे रॅक, घडले, आणि रॅकमुळे थप्पीची जुनी अडचण सुटली. प्रत्येक कप्पा स्वतंत्र असल्याने तळाचा माल काढायला वरचा हलवावा लागत नाही. नवी अडचण उरली ती वर पोचण्याची.

त्या पोचण्याचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. क्लार्क कंपनीने १९१७ साली आपल्या कारखान्यात माल हलवायला एक ट्रॅक्टरवजा गाडी बनवली, आणि आजच्या फोर्कलिफ्टची वंशावळ तिथपर्यंत नेतात. काटे आणि ते वर नेणारा उंच खांब, म्हणजे मास्ट, तिला नंतर जोडले गेले. १९३९ साली जॉर्ज रेमंड यांना दोन्ही बाजूंनी फळ्या असलेल्या लाकडी पॅलेटचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने रसद पॅलेटवर बांधून फोर्कलिफ्टने हलवली आणि युद्धानंतर हीच पद्धत कारखान्यांत शिरली. भारतात गोदरेजने विक्रोळीला १९६० च्या दशकात फोर्कलिफ्ट बनवायला सुरुवात केली. व्होल्टाससारख्या कंपन्याही या धंद्यात उतरल्या.

फोर्कलिफ्टचा एक स्वभाव आहे: ती पॅलेट अख्खे उचलते. चालक खाली बसून राहतो. पंख्यांची चाळीस खोकी हवी असतील तर ती उत्तम, पण एकच खोके हवे असेल तर अख्खे पॅलेट खाली आणायचे, खोके काढायचे आणि पॅलेट पुन्हा वर ठेवायचे. सुटे भाग, औषधे, स्टेशनरी असा बारीक आणि विविध माल ठेवणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या गोदामांना हे परवडेना. महायुद्धानंतरच्या दशकांत तिथल्या कारखानदारांनी चालकाचा चौथराच मास्टवर चढवला. ऑर्डर पिकरचा शोध म्हणजे एवढाच बदल. मालाला माणसाकडे आणण्याऐवजी माणसाला मालाकडे नेले. पुढे २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा विक्रीसाठी वाचला गेला. गोदामात ही युक्ती आली तेव्हा वर चढलेल्या माणसाने योग्य वस्तू उचलली की नाही, हे तिथेच तपासता येऊ लागले.

महाराष्ट्रात या यंत्राला वाव मिळायला चार-पाच दशके लागली, आणि याचे कारण तंत्रज्ञानात शोधून सापडणार नाही. ते करांच्या रचनेत आणि जमिनीच्या भावात आहे. केंद्रीय विक्रीकराच्या जमान्यात परराज्यात विक्री केली की कर लागे, पण स्वतःच्याच डेपोला माल पाठवला तर लागत नसे. म्हणून प्रत्येक कंपनी प्रत्येक राज्यात एक लहान डेपो ठेवी. देशभर विखुरलेल्या लहान, बुटक्या डेपोंना उंच रॅक आणि महाग यंत्रे कशाला हवीत? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, केंद्रीय विक्रीकराचे हे कारण संपले आणि त्याच दिवशी मुंबईची जकातही बंद झाली. दहिसरच्या जकात नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा हटल्या. कंपन्यांनी चार डेपो बंद करून एक मोठे गोदाम काढण्याचा हिशोब मांडला. जकात गेल्यावर मुंबईच्या वेशीवरची गोदामे ओस पडतील, असा अंदाज काही जण करत होते. तसे झाले नाही, कारण आता गोदामाची जागा बंदर, महामार्ग आणि ग्राहक यांच्यातल्या अंतराने ठरू लागली.

दुसरे कारण ऑनलाइन खरेदीचे. अ‍ॅमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली तेव्हा पहिले गोदाम भिवंडीत घेतले, सुमारे दीड लाख चौरस फुटांचे. आधी गोदामातून दुकानदाराला पेट्या जात. आता ग्राहकाला एक पुस्तक, एक तवा, एक चार्जर जाऊ लागला. अख्ख्या पॅलेटची मागणी घटली आणि एकेक वस्तू काढण्याचे काम कैक पटींनी वाढले.

या दोन्ही लाटा वसईच्या पूर्वेला पोचल्या. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटीला कामणमार्गे भिवंडीचा रस्ता फुटतो. गुजरातहून येणारा माल इथून सरळ मुंबईला जातो किंवा वळून भिवंडी आणि पुढे न्हावा शेव्याकडे. दादरी ते न्हावा शेवा हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा मालवाहतुकीचा स्वतंत्र रेल्वेमार्गही वैतरणावरून याच दिशेने आखलेला आहे. महामार्गालगत जमिनीचे भाव चढले, आडवे पसरणे महाग झाले आणि छपरे वर गेली. जुन्या पत्र्याच्या शेडची उंची पाच मीटरच्या आत, तर कारखान्यात तयार करून आणलेल्या लोखंडी सांगाड्याच्या नव्या गोदामांत छपराखाली दहा-बारा मीटर मोकळी उंची मिळते. पाच-सहा कप्प्यांचे रॅक त्यात सहज बसतात.

उंचीइतकाच प्रश्न गल्लीच्या रुंदीचा आहे. साध्या फोर्कलिफ्टला वळून पॅलेट उचलायला साडेतीन ते चार मीटर रुंद गल्ली लागते. काटे पुढे सरकवणाऱ्या रीच ट्रकला पावणेतीन ते तीन मीटर पुरतात. ऑर्डर पिकर गल्लीत वळत नाही, सरळ आत जातो आणि सरळ बाहेर येतो. त्याला दीड-पावणेदोन मीटर बस होतात. पाठीला पाठ लावून ठेवलेल्या दोन रॅकची खोली मिळून दोन मीटर धरली, तर साडेतीन मीटरच्या गल्लीत जमिनीच्या सुमारे ३६ टक्के भागावर माल राहतो. गल्ली १.६ मीटरवर आणली की हाच आकडा ५५ टक्क्यांच्या पुढे जातो. त्याच जमिनीवर दीडपट माल. मात्र यात एक मेख आहे. इतक्या अरुंद गल्लीत ऑर्डर पिकरला पॅलेट रॅकमध्ये सरकवता येत नाही, कारण त्याचे काटे बाजूला वळत नाहीत. त्यासाठी वळत्या काट्यांचे आणखी महाग यंत्र घ्यावे लागते, नाहीतर कप्पे हाताने भरावे लागतात. ज्यांनी हा हिशोब आधी केला नाही त्यांना गल्ल्या पुन्हा रुंद कराव्या लागतात.

यंत्राचे प्रकार उंचीवरून पडतात. कमी उंचीचा पिकर म्हणजे लांब काट्यांची धावती गाडी. चालक तिच्यावर उभा राहून खालच्या एक-दोन कप्प्यांतून माल घेत पुढे जातो. मध्यम उंचीचा चार-सहा मीटरपर्यंत नेतो, आणि उंच पिकर दहा मीटर व त्यापुढे. भार साधारण एक टनापर्यंत, आणि वर जाल तसा तो कमी धरायचा.

कामाचा क्रम असा. मागणी संगणकात आली की गोदामाची प्रणाली अनेक मागण्या एकत्र करून चालकाच्या हातातल्या स्कॅनरवर यादी पाठवते. प्रत्येक ओळीत जागेचा सांकेतिक क्रमांक असतो: गल्ली, खण, कप्पा. यादीचा क्रम असा लावलेला असतो की गल्लीत एकदाच शिरून काम उरकावे. चालक काट्यांवर रिकामे पॅलेट घेतो, अंगात पट्ट्यांचा सुरक्षा साज चढवतो, त्याची दोरी यंत्राच्या खांबाला अडकवतो आणि निघतो. खणासमोर थांबून वर चढतो, कप्प्याचा बारकोड वाचतो, मग वस्तूचा. दोन्ही जुळले तर स्कॅनर संख्या दाखवतो, न जुळले तर आवाज करतो. तेवढा माल पॅलेटवर ठेवून पुढचा खण.

वर असताना यंत्राचा वेग आपोआप कमी होतो. पायाखालची कळ दाबलेली नसेल, फाटक उघडे असेल किंवा दोन्ही हात नियंत्रणावर नसतील तर गाडी हलत नाही. यंत्र वर अडकले तर खालून एक झडप उघडून चौथरा हळूहळू उतरवता येतो. पिकर गल्लीत असताना पायी माणसाने तिथे शिरायचे नाही, हा नियम मोडणे धोक्याचे: दहा मीटरवरून निसटलेले दोन किलोचे खोकेही जीव घेऊ शकते.

हुशारी यंत्रापेक्षा मांडणीत जास्त लागते. रोज निघणारा माल गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या कप्प्यांत, क्वचित निघणारा सर्वांत वर, जड माल तळाशी. सणासुदीत मांडणी बदलावी लागते. दिवाळीआधी आकाशकंदील खाली येतात आणि छत्र्या वर जातात. मांडणी चांगली असेल तर ऑर्डर पिकरला दिवसातून कमी वेळा वर चढावे लागते, आणि तेच चांगल्या गोदामाचे लक्षण. यंत्र घेतले म्हणजे माल झटपट निघेल, ही समजूत खोटी आहे. वर चढणे-उतरणे वेळखाऊ असते. जमिनीवरचा माणूस तेवढ्या वेळात चार वस्तू काढतो.

बॅटरी सहसा शिसे-आम्लाची असते. आठ तास चालवा, आठ तास भरा, काही तास थंड होऊ द्या, असे तिचे चक्र. भरताना हायड्रोजन सुटतो, म्हणून चार्जिंगची खोली हवेशीर लागते आणि आम्ल उडाले तर डोळे धुण्याची सोय तिथेच ठेवावी लागते. लिथियमच्या बॅटऱ्यांनी हे त्रास कमी केले आहेत, पण त्यांची किंमत जास्त आहे.

वसईत या यंत्राच्या वाटेत काही खास अडचणी आहेत. पहिली जमिनीची. उंच मास्टला तळाचा किंचितसा उतारही सहन होत नाही. तळात काही मिलीमीटरचा फरक असला तर दहा मीटरवर चौथरा कित्येक सेंटीमीटर झुकतो. भराव घालून घाईत ओतलेली फरशी एक-दोन पावसाळ्यांत खचते आणि मग यंत्र बंद ठेवावे लागते. दुसरी अडचण पाण्याची. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या बंद पडल्या आणि मिठागरांत माणसे अडकली. अशा भागात गोदामाचे जोते ट्रकच्या फाळक्याइतके उंच बांधतात आणि खालच्या कप्प्यात भिजून नासणारा माल ठेवत नाहीत. तिसरी आगीची. उंच रॅकमध्ये ज्वाळा वर वेगाने चढतात, त्यामुळे छपराबरोबर रॅकच्या आतही पाण्याचे फवारे बसवावे लागतात. आणि एप्रिल-मेमधली उष्णता: पत्र्याखालची तापलेली हवा वर साचते, आणि पिकरवरच्या माणसाला काम करायचे असते ते नेमके तिथेच. यंत्राच्या जाहिरातीत ही गोष्ट येत नाही. सावलीचे पत्रे, छपरातले वायुवीजक, पाळीचे तास आणि पाणी यांची तजवीज गोदामवाल्यालाच करावी लागते.

कामगारांच्या बाजूनेही चित्र बदलले. हमालाचे कौशल्य पाठीत आणि तोलात होते. पिकर चालवणाऱ्याला अक्षरओळख, आकडे, स्कॅनर आणि उंचीची सवय लागते. लॉजिस्टिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने गोदामातल्या पिकरसाठी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवला आहे. पण यातली बरीच भरती कंत्राटदारामार्फत होते, आणि अनेक ठेकेदारांकडे फिरणाऱ्या कामगाराची जी स्थिती १९६९ च्या आधी होती तिची आठवण व्हावी अशी परिस्थिती काही ठिकाणी दिसते. यंत्रावर काम करणारा माथाडी धरायचा की नाही, हा वाद त्यातूनच निघाला. २०२३ साली विधिमंडळात मांडलेल्या माथाडी कायद्याच्या सुधारणा विधेयकात यंत्राच्या मदतीविना केलेल्या अंगमेहनतीपुरती व्याख्या मर्यादित करण्याची तरतूद होती. माथाडी आणि हमाल संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. उद्योजकांचे म्हणणे असे की काटे आणि मास्ट जिथे भार उचलतात तिथे लेव्ही कशाची? संघटनांचे म्हणणे असे की पॅलेटवरून खोके उचलणारा हात माणसाचाच आहे. ऑर्डर पिकरच्या बाबतीत दुसरी बाजू अधिक बळकट वाटते. हे यंत्र माल काढत नाही. काढणाऱ्या माणसाला फक्त वर नेते.

या पट्ट्यात आज तिन्ही काळ एकाच रस्त्यावर नांदतात. महामार्गालगतच्या उंच शेडमध्ये ऑर्डर पिकर आणि रीच ट्रक, मधल्या गोदामांत हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली आणि विजेचा स्टॅकर, आणि गोखिवऱ्याच्या गाळ्यात माळा व शिडी. लहान गाळेवाल्याने ऑर्डर पिकर घ्यावा असे कोणी सांगू नये. चार मीटर उंचीच्या जागेत चाकांची मजबूत शिडी आणि नीट लावलेली मांडणी त्याहून जास्त उपयोगी पडते. मोठ्या गोदामांतही यांत्रिकीकरण दारापाशी थांबते. आपल्याकडे बहुतेक ट्रकांत माल सुटा भरलेला असतो, पॅलेटवर बांधलेला नसतो, आणि तो उतरवण्याचे काम अजून टोळ्याच करतात.